दाराच्या आतला अडसर



बचत गटाच्या बायका रेडिओवर आल्या म्हणजे लोणचं-पापड, कर्जाचे हप्ते, फार तर इंद्रायणी तांदळाचा भाव, असं काहीतरी ऐकायला मिळेल असं तुम्हांला वाटलं असेल. तेही मधेमधे येईलच. पण आज आम्ही बोलणार आहोत मोटारीच्या दाराबद्दल. आपण ते उघडतो, आत बसतो, जोरात आपटतो, आणि ड्रायव्हर ओरडतो, "ताई, फ्रिजचं दार नाही ते!" तेच दार.

हा विषय आमच्या डोक्यात आला कसा ते आधी सांगतो. तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही मळवलीच्या दोन गटांच्या नऊ जणी पुण्याच्या प्रदर्शनातून परत येत होतो. भाड्याची जुनी व्हॅन होती. मधे तांदळाच्या उरलेल्या गोण्या, पापडांचे डबे, त्यांच्यावर आमचा बॅनर गुंडाळून ठेवलेला. गाडीत कुणी कुठं बसायचं हे आपल्याकडे न बोलता ठरलेलं असतं. पुढं ड्रायव्हरशेजारी कुणाचा तरी मालक किंवा हिशेबवाली. लहान मूल असेल ती मधे. आणि जिला गाडी लागते ती खिडकीपाशी. आमच्या गटातल्या एका काकूंना गाडी लागते, म्हणून त्या दाराला टेकून बसल्या होत्या, तोंडात आवळासुपारी धरून.

कार्ला फाटा तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. जुन्या हायवेवरून मळवलीकडे तिथं वळायचं. आमची व्हॅन वळत असताना एक पिकअप आमच्या डाव्या अंगाला येऊन धडकली. पिकअपवाल्यानं ब्रेक मारला होता, वेग फार नव्हता. व्हॅन उलटली नाही. काचा फुटल्या, डबे पडले, पुढं बसलेल्यांना खरचटलंसुद्धा नाही. काकूंच्या मात्र कमरेचं हाड मोडलं आणि दोन बरगड्यांना चीर गेली. तीन महिने त्या अंथरुणात होत्या. त्यांचे हप्ते गटानं भरले, पापडाची ऑर्डर दुसऱ्या गटाला द्यावी लागली.

आम्ही भेटायला जायचो तेव्हा काकू एकच विचारायच्या, "अगं, गाडी काही फार जोरात नव्हती. मग माझंच हाड का मोडलं?" आम्ही म्हणायचो, नशीब. पण हे उत्तर त्यांनाही पटत नव्हतं आणि आम्हांलाही. बी.ए.ला आम्ही इतिहास घेतला होता. यंत्रातलं काही कळत नाही, पण कुठलीही गोष्ट कधीपासून सुरू झाली आणि कुणी केली हे खणत बसायची खोड लागलेली आहे. त्या खोडीपायी हे सगळं हाती लागलं.

तुम्हांला २०१४ सालच्या जूनची तीन तारीख आठवते का? सकाळी आठच्या सुमारास टीव्हीवर बातमी आली की गोपीनाथ मुंडे गेले. २६ मे रोजी त्यांनी केंद्रात ग्रामविकास मंत्री म्हणून शपथ घेतली होती. अजून दहा दिवसही झाले नव्हते. मैत्रिणींनो, हे खातं म्हणजे आपलंच खातं. गावातल्या बचत गटांसाठी असलेलं राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे आपल्याकडची 'उमेद', याच मंत्रालयाखाली येतं. आपल्या महाराष्ट्राचा माणूस त्या खुर्चीवर बसला म्हणून गटांच्या बैठकांत पेढे वाटले गेले होते. विजयानंतर सत्कारासाठी ते आपल्या बीड जिल्ह्यात यायला निघाले होते. दिल्लीत पहाटे विमानतळाकडे जाताना पृथ्वीराज रोड आणि तुघलक रोड जिथं मिळतात त्या चौकात दुसऱ्या एका मोटारीनं त्यांच्या मोटारीला बाजूनं धडक दिली. मुंडे साहेब मागच्या सीटवर होते. बाहेरून पाहता फारशी जखम नव्हती. शवविच्छेदनात मानेला आणि यकृताला जबर इजा झाल्याचं निघालं.

तेव्हा बऱ्याच लोकांचा विश्वास बसला नाही. एवढा मोठा माणूस, शहरातली धडक, गाडीचा चेंदामेंदाही झाला नाही, आणि माणूस जातो कसा? नाना शंका काढल्या गेल्या. सीबीआयनं तपास केला आणि तो अपघातच होता असं सांगितलं. त्या वेळचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन मागच्या सीटच्या पट्ट्याबद्दल फार कळकळीनं बोलले. ते योग्यच होतं. पण एक गोष्ट तेव्हा फारशी कुणी बोललं नाही, आणि आम्हांलाही ती काकूंच्या अपघातानंतर कळली. समोरून बसलेली धडक आणि बाजूनं बसलेली धडक या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

हे आम्हांला कामशेतच्या एका डेंटरनं दाखवलं. डेंटर म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा मिस्त्री. त्यानं एका मोटारीचं बॉनेट उघडलं. "ताई, समोरून धडकली तर आधी हा सगळा भाग चेपतो. बंपर, मग ही दोन लोखंडी तोंडं, मग रेडिएटर. माणसापर्यंत यायला हातभर तरी अंतर आहे. चेपता चेपता जोर संपतो." मग तो दारापाशी आला आणि दाराच्या बाहेरच्या पत्र्यापासून सीटच्या कडेपर्यंत त्यानं हाताची वीत लावली. वीत पुरी भरली आणि वर चार बोटं उरली. "हे एवढंच. इथं काय चेपणार आणि जोर कुठं जिरणार?"

मग त्यानं दाराचं आतलं पॅड काढलं. काच वर-खाली करायची यंत्रं, वायरी, आणि त्यांच्या मागे, बाहेरच्या पत्र्याला लागून, दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला एक जाड पोलादी पाइप. आम्ही सगळ्या एकदम म्हणालो, "अगंबाई, हा तर अडसर!"

जुन्या वाड्यांच्या दारामागे आडवा लाकडी अडसर असायचा, रात्री भिंतीतून ओढून लावायचा. गडाच्या दरवाजांनाही तसाच. लोहगडला जाल तेव्हा दरवाज्याच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंती हातानं चाचपून पाहा. दार नुसत्या फळ्यांच्या बळावर टिकत नाही. बाहेरून धक्का बसला की अडसर तो दोन्हीकडच्या भिंतींना वाटून देतो, हीच युक्ती. मोटारीतला पाइपही तेच करतो. धक्का पुढच्या आणि मधल्या खांबाला जातो, खांबातून वर छताला आणि खाली उंबऱ्याला. हो, मोटारीला उंबराही असतो. दार उघडल्यावर पाय टाकताना जी पत्र्याची उंच कड लागते, तो. खांब, उंबरा, आढं आणि अडसर सगळं एकमेकांत घट्ट असलं तर घर उभं राहतं. एक जरी कच्चं असलं तरी भिंत आत येते, आणि आत बसलेल्याच्या कमरेला, बरगड्यांना आणि डोक्याला लागते. काकूंना लागलं ते नेमकं याच ठिकाणी.

आता हा अडसर मोटारीत आला कधी? मोटार सव्वाशेहून जास्त वर्षांची, आणि माणसं वाचवायचा विचार त्या मानानं फार उशिरा झाला. तोही आधी समोरच्या धडकेचा. जर्मनीत मर्सिडीज कंपनीत काम करणाऱ्या बेला बारेनी या अभियंत्यानं १९५१ साली पेटंटासाठी अर्ज केला. त्याचं म्हणणं असं की मोटारीची पुढची आणि मागची टोकं मुद्दाम मऊ ठेवा, म्हणजे ती चेपतील, आणि मधली माणसांची खोली कणखर ठेवा. तोवर सगळ्यांना वाटे की गाडी जितकी दणकट तितकी चांगली. १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत निल्स बोहलिन यानं खांद्यावरून आणि मांडीवरून जाणारा पट्टा आणला, आज आपण लावतो तोच. (आपल्याला व्होल्वो म्हटलं की पुणे-मुंबई एसी बस आठवते. तीच ही कंपनी.) या दोन्ही गोष्टी समोरच्या धडकेत फार उपयोगी पडतात. बाजूच्या धडकेत पट्टा माणसाला जागेवर धरून ठेवतो, गाडीबाहेर फेकू देत नाही, शेजारच्यावर आदळू देत नाही. पण दारच आत आलं तर तो तरी काय करणार?

दारातला पोलादी दांडा अमेरिकेत १९६९च्या सुमाराला जनरल मोटर्सच्या गाड्यांत दिसू लागला. १ जानेवारी १९७३ पासून तिथल्या सरकारनं प्रवासी मोटारींच्या दारांसाठी नियमच केला. त्या नियमाची परीक्षा अशी होती की गाडी जागेवर उभी करायची आणि यंत्रानं एक जाड लोखंडी नळकांडं दारावर हळूहळू दाबत न्यायचं. दार किती जोर सोसतं ते मोजायचं. हे वाचून आम्हांला हसू आलं. रस्त्यावर कुणी हळूहळू दाबत येतं का? पुढं त्यांच्याच सरकारी अभ्यासात निघालं की गाडी घसरून खांबावर किंवा झाडावर बाजूनं आपटली तर हा दांडा जीव वाचवतो. दुसऱ्या गाडीनं धडक दिली तर मात्र त्यानं मरणं फारशी कमी झाली नाहीत. म्हणजे अडसर चांगला होता, पण भिंती कच्च्या होत्या. नुसतं दार जड करून भागत नाही, धक्का पुढं कुठं जाणार याची वाट आखावी लागते.

ती वाट आखायला आणखी वीस वर्षं लागली. अमेरिकेनं १९९० मध्ये नियम बदलला आणि खरोखर धडक देऊन परीक्षा घ्यायचं ठरवलं. व्होल्वोनं १९९१ मध्ये अशी गाडी आणली की बाजूचा धक्का मधल्या खांबातून जमिनीला, सीटखालच्या आडव्या पट्ट्यांना आणि छताला वाटला जाईल. १९९४ मध्ये त्यांनीच सीटच्या कुशीतून फुगणारी एअरबॅग आणली, कारण उरलेल्या त्या वीतभर जागेत माणूस आणि दार यांच्यामध्ये उशी तरी हवी. डोक्यासाठी खिडकीवर पडद्यासारखी उतरणारी एअरबॅग त्यानंतरची. ही उशी फार घाईत फुगावी लागते. समोरच्या धडकेत जेवढा वेळ मिळतो तेवढा इथं मिळत नाही, दार लगेच अंगावर येतं.

युरोपची परीक्षा १९९८ पासून नव्या गाड्यांना लागू झाली. तिच्यात ९५० किलोची एक चाकांची गाडी असते, तिच्या तोंडाला ॲल्युमिनियमचा मधमाशीच्या पोळ्यासारखा ठोकळा. ती ताशी ५० किलोमीटर वेगानं उभ्या मोटारीच्या बाजूवर नेऊन आदळायची. आत मोजमापाच्या यंत्रांनी भरलेला पुतळा बसवलेला. त्याच्या बरगड्या किती दबल्या, पोटावर आणि कमरेवर किती जोर आला, डोकं किती हादरलं, सगळं मोजलं जातं. हे आम्ही जरा खोलात सांगतोय, कारण आपल्या देशाची परीक्षा याच परीक्षेवरून बेतलेली आहे.

आता आपल्याकडे या. आपल्या पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था १९६६ पासून आहे. कोथरूडला वेताळ टेकडीवर तिचं मुख्य ठाणं. टेल्कोही पुण्यात त्याच सुमाराला आली, पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहिले, आणि मावळातल्या किती घरांत त्यांचे पगार आले हे तुम्ही जाणताच. गाड्या आपल्या दारात बनत होत्या. पण बाजूच्या धडकेची परीक्षा घेतल्याशिवाय गाडी विकायची नाही, असा नियम देशात नव्हता. मुंडे साहेब गेले तेव्हाही नव्हता.

त्याच वर्षी जानेवारीत परदेशातल्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच मोटारी धडकवून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी शून्य तारे मिळाले. ही धडक समोरची होती. पण त्यात एक गोष्ट बाजूच्या दृष्टीनंही शिकण्यासारखी निघाली. पाचातल्या तीन गाड्यांचा सांगाडाच कोलमडला. दोन गाड्यांचा सांगाडा टिकला. त्यांतली एक आपल्या चाकणला बनणारी पोलो होती. तिला दोन एअरबॅग बसवून पुन्हा धडकवली तर चार तारे मिळाले. एअरबॅग नंतरही बसवता येते. खांब आणि उंबरे कच्चे असतील तर ते नंतर बसवता येत नाहीत, ते कारखान्यातच ठरतं.

मग सरकारनं नियम आणला. १ ऑक्टोबर २०१७ पासून बाजारात नव्यानं येणाऱ्या मॉडेलच्या मोटारींना, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून आधीपासून चालत आलेल्या मॉडेलनाही, समोरच्या आणि बाजूच्या धडकेची परीक्षा सक्तीची झाली. बाजूच्या परीक्षेच्या मानकाचं नाव एआयएस-०९९. ही मानकं छापून काढते ती पुण्याचीच एआरएआय. मैत्रिणींनो, १ ऑक्टोबर २०१९ ही तारीख जरा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

२०१८च्या डिसेंबरात रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपनं पाच तारे दिले. भारतात बनलेल्या गाडीला पाच तारे मिळायची ती पहिली वेळ. त्यानंतर तारे हा जाहिरातीतला शब्द झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची 'भारत एनकॅप' सुरू झाली आणि तिचा कारभार पुण्यातल्याच सीआयआरटी या संस्थेकडे आला. तिच्यात बाजूच्या धडकेबरोबर खांबावर बाजूनं आपटायची परीक्षाही आहे, ताशी २९ किलोमीटरची. डिसेंबर २०२३ मध्ये पहिले निकाल लागले, टाटा हॅरियर आणि सफारी, दोघींना पाच तारे. आता ऐका. या दोन गाड्या टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात ज्या जुळणीच्या लाइनवर तयार होतात, ती लाइन बायका चालवतात. दीड हजारांच्या आसपास मुली. १९७४च्या सुमाराला याच टेल्कोच्या जाहिरातीत 'बायकांनी अर्ज करू नये' असं होतं, म्हणून सुधा मूर्तींनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं होतं. ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आज त्याच कंपनीत त्या दाराचे बोल्ट मुली आवळतात. आम्हांला तरी हे पाच ताऱ्यांपेक्षा मोठं वाटलं.

पण आमचं खरं डोकं अडकलं ते पुतळ्याशी. युरोपच्या आणि आपल्या सक्तीच्या बाजूच्या परीक्षेत पुतळा बसवतात तो मध्यम बांध्याच्या पुरुषाचा. आणि बसवतात कुठं? पुढच्या सीटवर. मागच्या सीटवर कुणीच नाही! आता आपल्या घरची मोटार डोळ्यांपुढं आणा. पुढं बसतात दोन पुरुष. मागं आपण, आपली पोरं, सासूबाई आणि मांडीवर डबा. मुंडे साहेबही मागंच होते. बायकांचं शरीर लहान, खिडकीपाशी डोकं खाली येतं, कमरेचं हाड वेगळ्या उंचीवर येतं. वयानं हाडं ठिसूळ होतात ती आणखी वेगळी. काकू बासष्ट वर्षांच्या आहेत.

हा विचार जगात कुणी केलाच नाही असं नाही. अमेरिकेत मोटार विमा कंपन्यांनी चालवलेली एक संस्था आहे. तिनं २००३ मध्ये स्वतःची बाजूची परीक्षा सुरू केली. तिच्यात लहानखुऱ्या बाईचा पुतळा घेतला, पाच फुटांच्या आसपास उंची आणि वजन पन्नास किलोच्या आत-बाहेर. एक पुढं आणि एक मागं, असे दोन. आणि धडक द्यायची गाडीही जड आणि उंच तोंडाची केली, दीड हजार किलोची, पिकअप किंवा मोठ्या जीपसारखी. कारण उंच तोंडाची गाडी उंबऱ्याच्या वरून येते. उंबऱ्याचा आधार मिळत नाही, सगळा भार दारावर आणि मधल्या खांबावर पडतो. कार्ला फाट्यावर आम्हांला धडकली ती पिकअपच होती. विमा कंपन्यांना बायकांचा कळवळा एकाएकी आला असेल असं नाही, दवाखान्याची बिलं त्यांना भरावी लागतात. पण काम झालं.

आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं मसुदा काढला होता की मोटारीत सहा एअरबॅग सक्तीच्या करायच्या. आधीच्या समोरच्या दोन होत्याच, वाढणाऱ्या चार म्हणजे बाजूच्या दोन आणि पडद्यासारख्या दोन. हा पडदा मागच्या सीटच्या खिडकीपर्यंत येतो. तारीख पुढं गेली, मग सक्ती करणार नाही असं सांगण्यात आलं. कंपन्या आता आपणहून देतात, महागड्या मॉडेलात आधी.

आणि हे सगळं झालं मोटारीचं. आपण बसतो कशात? स्टेशनपासून गावापर्यंत टमटम. तिला बाजूच नाही. पावसाळ्यात रेक्झिनचा पडदा सोडतात, तीच आपली पडदा-एअरबॅग! रिक्षाला उजवीकडे एक आडवा दांडा असतो, तो आपण रहदारीच्या बाजूला उतरू नये म्हणून. दुचाकीवर साडी नेसून एका अंगाला बसतो तेव्हा तर आपणच गाडीची बाजू असतो. दुचाकीला साडी गार्ड हवा, मागच्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, हे १९८९च्या मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. निदान एका नियमात तरी कुणाला आपली साडी आठवली. पण साडी गार्ड पदर चाकात जाऊ नये म्हणून असतो, धडकेशी त्याचा संबंध नाही. मालट्रकच्या कडेला पुढच्या-मागच्या चाकांमध्ये आडवे दांडे असतात, तेही बघत जा. दुचाकीवरचा माणूस घसरून मागच्या चाकाखाली जाऊ नये म्हणून ते नियमानं लावलेले असतात. कितीतरी ट्रकांचे तुटून लोंबत असतात.

रस्त्याचंही थोडं बोलायला हवं. आमच्या गावाच्या उशाशी एक्सप्रेसवे आहे, २००२ मध्ये पुरा झालेला. तिथं मधे चौक नाहीत, समोरची रांग छेदावी लागत नाही. तिथले अपघात वेगाचे, पुढच्या ट्रकवर मागून आदळण्याचे. बाजूची धडक होते ती जुन्या हायवेवर, फाट्यांवर. आणि आपण गावची माणसं एक्सप्रेसवेनं कमी, फाट्यानं जास्त जातो. काकूंच्या अपघातानंतर आमच्या भाड्याच्या गाड्या फाट्यावर घाईनं वळत नाहीत. पुरा रस्ता मोकळा होईपर्यंत थांबायचं, मागून हॉर्न वाजले तर वाजू देत, असं आम्ही ड्रायव्हरला निघतानाच सांगतो. तो वैतागतो. भाडं आम्ही देतो.

आता त्या तारखेकडे येऊ. गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईनं कर्जाचा अर्ज दिला. तिच्या मुलाला सेकंडहँड गाडी घ्यायची आहे. सकाळी शाळेची मुलं, दुपारी बाजारहाट करणाऱ्या बायका आणि शनिवार-रविवारी भाजे-लोहगडला येणारे पर्यटक, असा धंदा करायचाय त्याला. पोरगा कष्टाळू आहे, हप्ते बुडवणार नाही. एरवी आम्ही अर्ध्या तासात सही केली असती. या वेळी आम्ही आरसी बुक मागितलं. गाडी २०१६ची निघाली. आम्ही सांगितलं की ऑक्टोबर २०१९ नंतरची बघ. तो म्हणाला, "ताई, लाख-सव्वा लाखाचा फरक पडतो." खरंच पडतो. त्या दिवशी बैठकीत बरीच वादावादी झाली. एक जण म्हणाली, आपण गट आहोत, आरटीओ नाही. दुसरी म्हणाली, त्या गाडीत बसणार कोण, आपलीच पोरं ना? दोघींचंही बरोबर होतं.

शेवटी ठरलं ते असं. कर्जाची रक्कम वाढवून द्यायची, हप्ते सहा महिन्यांनी लांबवायचे, आणि गाडी नव्या नियमानंतरची घ्यायची. मागच्या सगळ्या सीटचे पट्टे चालू हवेत. आणि दार बदललेलं नको. डेंटरनं आम्हांला सांगून ठेवलंय की अपघातातल्या गाडीला कधीकधी स्वस्तातलं दार लावतात, आणि रंग मारला की आत अडसर आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

मुलानं दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. येत्या गुरुवारी त्या कामशेतला आणणार आहे, डेंटर दारांची पॅडं काढून दाखवणार आहे. काकू आता काठीनं चालतात. त्यांनी सांगितलंय, मी येणार, आणि दार मीच बघणार.